खणखणीत नाणं : रोमच्या चांदीची गोष्ट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातली मुलं घरी आली, तेव्हा मी आधी हात वर केले. म्हटलं, "अरे, आठवणी सगळेच लिहिणार. टँकरचे दिवस, पहिला गणपती, लिफ्टमध्ये अडकलेले पाहुणे. मी निराळं काय लिहू?" त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, तुम्हाला जुन्या नाण्यांचा नाद आहे ना? रौप्य म्हणजे चांदीच. मग चांदीच्या नाण्यांवर लिहा की!" मुलगा गमतीनं बोलून गेला, पण विषय माझ्या डोक्यातून जाईना.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे तबकात चांदीचे जुने रुपये मांडतात. तुमच्यापैकीही अनेकांच्या घरी असतील. माझी आई ते पुसून ठेवताना एकेक रुपया फरशीवर टाकून बघायची. राणीचा रुपया खणकन वाजायचा. १९४० नंतरचा रुपया मात्र काहीसा बद्द वाजायचा. आई म्हणायची, "हा लढाईतला." पुढे बँकेत कॅशियर झालो, नाण्यांची पुस्तकं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आईचा कान बरोबर होता. रुपयाचं वजन एक तोळाच राहिलं होतं, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं त्यातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली होती. १९४७ पासून तर चांदी गेलीच, निकेल आलं.

सरकारनं ही युक्ती काही नव्यानं शोधली नव्हती. तिचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शिकण्यासारखा इतिहास घडला तो रोममध्ये, डिनेरियस नावाच्या एका चांदीच्या नाण्याच्या बाबतीत.

डिनेरियस जन्मला तोही लढाईतच. इ.स.पू. २११ च्या सुमाराची गोष्ट. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता, रोमची तिजोरी रिकामी झाली होती, जुनी नाणी विश्वासाची राहिली नव्हती. अशा वेळी रोमनं नवं चांदीचं नाणं काढलं. तांब्या-काशाच्या 'अस' नावाच्या दहा नाण्यांना एक, म्हणून नाव डिनेरियस, म्हणजे 'दहाचं'. त्यावर दहाचा रोमन आकडाही असे. सुरुवातीला वजन साधारण साडेचार ग्रॅम होतं. थोड्याच वर्षांत ते ३.९ ग्रॅमवर स्थिरावलं, म्हणजे एका रोमन पौंड चांदीतून ८४ नाणी. आपल्या जुन्या रुपयाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं हे चिमुकलं नाणं, पण चांदी जवळजवळ शुद्ध.

ही चांदी पुढे मोठ्या प्रमाणात आली ती स्पेनमधून. रोमनं तिथल्या खाणी कार्थेजकडून जिंकून घेतल्या. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो, की न्यू कार्थेजजवळच्या खाणींत ४०,००० माणसं राबत आणि रोमला दिवसाला २५,००० द्राख्मा मिळत. त्या चकचकीत नाण्यामागे किती जणांचे श्वास खाणीत कोंडले असतील, याचा हिशोब मात्र कुणी ठेवलेला नाही.

रोम शहरातली टांकसाळ होती कॅपिटोलाइन टेकडीवर, जुनो मोनेटा या देवीच्या देवळाशेजारी. इंग्रजीतले 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द या 'मोनेटा'वरून आले. नाणी हातानंच पाडत. ऐरणीत एक ठसा बसवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि वरून हातोडा.

ह्या नाण्याला व्यवहारात काय किंमत होती? सम्राट ऑगस्टसच्या काळात सैनिकाला वर्षाला २२५ डिनेरियस पगार होता. बायबलमध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे, त्यात मजुराची दिवसाची मजुरी एक डिनेरियस. म्हणजे घाम गाळणाऱ्या माणसाचा एक अख्खा दिवस त्या पावणेचार-चार ग्रॅम चांदीत मावत होता. म्हणूनच तिच्यात कुणी हात घातला, की तो त्या माणसाच्या दिवसातच घातलेला हात असे.

खोटी नाणीही होतीच. आत तांबं आणि वरून चांदीचा पातळ पत्रा, अशी बनावट नाणी आजही उत्खननात सापडतात. इ.स.पू. ८५ च्या सुमारास रोममध्ये नाण्यांचा इतका गोंधळ झाला होता, की आपल्याजवळ नक्की किती पैसा आहे हेच कुणाला कळेना. तेव्हा सगळ्या अधिकाऱ्यांनी बसून एक हुकूम तयार केला आणि तो दुपारनंतर एकत्रच जाहीर करायचं ठरलं. पण मारियस ग्राटिडियानस नावाचा अधिकारी बाकीच्यांना चुकवून सरळ व्यासपीठावर गेला आणि त्यानं तो एकट्याच्या नावावर जाहीर करून टाकला! (कमिटीचा निर्णय परस्पर नोटीस बोर्डावर लावून मोकळे होणारे सभासद सगळ्याच काळात असतात.) पण लोकांना त्याचं काही नव्हतं. नाणी पारखण्याची सोय झाली, याचाच त्यांना इतका आनंद झाला, की गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले आणि त्यांच्यापुढे धूप आणि मेणबत्त्या लागल्या. पुढे सत्तापालटात त्याची फार क्रूरपणे हत्या झाली, तो भाग वेगळा. पण मला त्या मेणबत्त्या लक्षात राहतात. नाणं खरं असणं ही सामान्य माणसाला देवपूजेइतकी मोठी गोष्ट वाटत होती.

याच नाण्याची कीर्ती आपल्या बाजूच्या समुद्रापर्यंत कशी पोचली, त्याची एक सुरेख गोष्ट प्लिनी या रोमन लेखकानं दिली आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळात तांबड्या समुद्रावरचा कर वसूल करणाऱ्या ठेकेदाराचा एक माणूस वादळात सापडून थेट श्रीलंकेला जाऊन लागला. तिथल्या राजानं त्याचा चांगला पाहुणचार केला. त्याच्याजवळचे डिनेरियस राजानं पाहिले, तर प्रत्येकावर चेहरा वेगळा. म्हणजे ती वेगवेगळ्या राजांच्या काळात पाडलेली होती. पण वजन सगळ्यांचं सारखं! राजे बदलले तरी ज्यांचं वजन बदलत नाही ती माणसं सचोटीची असणार, असं त्या राजाला वाटलं आणि त्यानं रोमला आपले वकील पाठवले. त्यानं रोमचं सैन्य पाहिलं नव्हतं की राजवाडे पाहिले नव्हते. त्यानं फक्त नाणी पाहिली होती.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्या नाण्यांशी संबंध आला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत आणि पैठण व तेर ही बाजाराची गावंही आहेत. पैठणहून अकीक दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. भडोचला रोमची सोन्या-चांदीची नाणी येत आणि ती स्थानिक पैशाशी बदलून घेतली की नफा होई, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दरवर्षी हिंदुस्थान आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीनं केली, तीही याच काळातली. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस होई. तेव्हा हिशोब करा.

आता गोष्टीला वळण लागतं. इ.स. ६४. नीरो सम्राट होता. त्या वर्षी जुलैमध्ये रोमला भयंकर आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. पुन्हा बांधायला पैसा हवा होता आणि नीरोला स्वतःचा भव्य राजवाडाही उभारायचा होता. त्याच सुमारास एका पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात झाली. शिवाय चांदीत तांबं मिसळलं. आधुनिक धातुपरीक्षणाप्रमाणे शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास होती, ती ८० टक्क्यांच्या आसपास आली. एका नाण्यामागे सुमारे एक ग्रॅम चांदी वाचली. नाव तेच, चेहरा सम्राटाचाच आणि बाजारातली किंमतही तीच.

आणि दिसायलाही फरक नाही! यातली कारागिरी समजून घेण्यासारखी आहे. मिश्र धातूची चकती तापवली की पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं. ती आंबट द्रावणात टाकली की ते तांबं निघून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ साय उरते. वर ठसा मारला की नाणं पांढरंशुभ्र झळकतं. आत काय आहे ते नाणं झिजल्यावरच कळणार.

पण ज्यांना कळायचं त्यांना लगेच कळलं. दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूर-करूरच्या पट्ट्यात, रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत. त्यांत चांदीची नाणी बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या सुरुवातीच्या दोन सम्राटांची आहेत. नीरोच्या बदलानंतरची चांदीची नाणी भारतात क्वचितच मिळतात. सोन्याची मात्र पुढेही येत राहिली. आमच्या व्यापाऱ्यांनी निषेधाचा खलिता पाठवला नाही. जुनं नाणं ठेवून घेतलं, नव्याकडे पाठ फिरवली. उत्तरेकडे जर्मन टोळ्यांनीही तेच केलं. टॅसिटस लिहितो, की त्यांना जुनी, ओळखीची, कडेला करवतीसारखे दाते असलेली नाणी आवडत.

साम्राज्यातल्या लोकांना अशी निवड नव्हती. मग ते काय करत? चांगलं नाणं मडक्यात घालून पुरून ठेवत आणि हलकं नाणं बाजारात खपवत. मार्क अँटनीनं इ.स.पू. ३२-३१ मध्ये आपल्या सैन्यासाठी हलक्या चांदीची नाणी पाडली होती. ती पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ चलनात फिरत राहिली, कारण ती साठवून ठेवावीत असं कुणालाच वाटलं नाही. फाटकी नोट आपण रिक्षावाल्याला आधी देतो, तसंच हे.

या घसरणीत सगळे सम्राट वाईट होते असं मुळीच नाही. मार्कस ऑरेलियस हा तर तत्त्वज्ञ राजा. युद्ध आणि साथीच्या रोगानं तिजोरी रिकामी झाली तेव्हा लोकांवर नवा कर नको, म्हणून त्यानं राजवाड्यातलं सामान लिलावात काढलं, असं युट्रोपियस हा इतिहासकार सांगतो. तरीही त्याच्या काळात चांदी थोडी घसरलीच. इ.स. १९३ मध्ये पर्टिनॅक्स सम्राट झाला आणि त्यानं नाण्यातली चांदी वाढवली. तीन महिन्यांत त्याच्याच रक्षकांनी त्याला मारलं आणि साम्राज्याची गादी चक्क लिलावाला काढली. डिडियस जुलियानसनं प्रत्येक सैनिकाला २५,००० सेस्टर्स कबूल करून ती घेतली. चांगलं करायला निघालेल्याचं काय झालं हे पुढच्यांनी पाहिलं. सेप्टिमियस सेव्हेरस आला, त्यानं सैनिकांचा पगार वाढवला आणि डिनेरियसमधली चांदी निम्म्यावर आली.

त्याचा मुलगा कॅराकला आणखी हुशार निघाला. त्यानं २१५ मध्ये नवंच नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट होता आणि ते दोन डिनेरियसचं मानलं जाई. आत चांदी मात्र दीड डिनेरियसचीच! पुढच्या पन्नास वर्षांत सम्राटांमागून सम्राट आले, सीमेवर युद्धं पेटली, एक सम्राट तर इराणच्या कैदेत गेला. इ.स. २६८ च्या सुमारास या 'चांदीच्या' नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली होती. म्हणजे तांब्याचंच नाणं, वर चांदीचा नुसता भास.

मी बँकेत आयुष्य काढलेलं असल्यामुळे या काळातला एक कागद मला फार अस्वस्थ करतो. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस गावी वाळूत सापडलेल्या पपायरसांमध्ये इ.स. २६० चा एक सरकारी हुकूम आहे. गावातल्या पेढीवाल्यांनी सम्राटांची नाणी घ्यायची नाहीत म्हणून पेढ्याच बंद केल्या होत्या. अधिकारी त्यांना फर्मावतो, की पेढ्या उघडा आणि उघड उघड खोटी असतील ती सोडून सगळी नाणी स्वीकारा, नाही तर शिक्षा होईल. ज्या नाण्याचं वजन पाहून श्रीलंकेच्या राजानं वकील पाठवले, तेच नाणं घ्या म्हणून आता आपल्याच माणसांना दम भरावा लागत होता.

शेवटी डायोक्लेशियन या कर्तबगार सम्राटानं ३०१ मध्ये सगळ्या वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर दगडावर कोरून जाहीर केले. त्यात शेतमजुराची रोजची मजुरी जेवण देऊन २५ डिनेरियस आहे. न्हाव्याला एका डोक्याचे दोन. एक पौंड सोनं ७२,००० डिनेरियस. जास्त दर घेतला तर देहान्त शासन! परिणाम काय झाला, तर माल बाजारातून गायब झाला आणि हुकूम गुंडाळावा लागला, असं लॅक्टँशियस हा समकालीन लेखक सांगतो. नाणं खणखणीत होतं तेव्हा हुकमाची गरज नव्हती, आणि ते बद्द वाजायला लागल्यावर हुकूम चालला नाही. पैशावरचा विश्वास परत आला तो कॉन्स्टंटाइननं काढलेल्या 'सॉलिडस' या सोन्याच्या नाण्यामुळे. एका पौंडातून ७२ नाणी, हे प्रमाण एकदा ठरलं आणि जवळपास सातशे वर्षं ते पाळलं गेलं.

डिनेरियस गेला, नाव राहिलं. अरबांचा दिनार, आपल्या गुप्त राजांच्या शिलालेखांतला 'दीनार', स्पॅनिशमध्ये पैशाला म्हणतात तो 'दिनेरो', सगळे त्याचेच वंशज.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं ठीक आहे, पण आपल्या स्मरणिकेत ह्याचं काय काम? सांगतो. आणि हे सांगायचं म्हणूनच खरं तर मी लेख लिहायला घेतला.

मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो तेव्हाची गोष्ट. बाहेरचा रंग काढायचा होता. मेंटेनन्स वाढवला असता तर आरडाओरडा झाला असता. मग मीच सुचवलं, की तूर्त सिंकिंग फंडातून काढू, नंतर भरू. सगळ्यांना पटलं. रंग छान लागला, फोटोही निघाले. दुसऱ्या वर्षी पंपासाठी थोडे काढले, तिसऱ्या वर्षी गेटसाठी. ताळेबंदात फंडाचं नाव तेच होतं, आतली चांदी कमी होत होती. चोरी म्हणाल तर एका पैशाची नव्हती. प्रत्येक खर्चाला पावती होती आणि प्रत्येक वेळी कारण खरं होतं. नीरोच्या वेळी आगही खरीच होती की!

वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी कधी बोलायच्या नाहीत. त्या वर्षी त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "रंग चांगला झालाय हो. पण घेतलेले पैसे परत कधी भरणार, ते कुठे लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा पारखणारा मी, त्या दिवशी माझंच नाणं बद्द वाजलं. त्यानंतर दर महिन्याला जादा वर्गणी बसवून आपण तो फंड पूर्ण भरला. त्याला सहा वर्षं लागली. काढायला तीन सभा पुरल्या होत्या. त्या सहा वर्षांत कुरकुर केलेल्या सर्वांची क्षमा मागतो आणि वर्गणी भरलेल्या सर्वांचे आभार मानतो. (दोन्ही याद्या जवळपास सारख्याच आहेत!) आजी आज आपल्यात नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

जाता जाता एक हिशोब सांगतो. रोममध्ये सोन्याचंही एक नाणं होतं, ऑरियस नावाचं. चांदीचे २५ डिनेरियस दिले की एक ऑरियस मिळे. आपलीही चांदीची पंचवीस वर्षं भरली आहेत. सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन. पण तेव्हाच्या खजिनदारानं ताळेबंद उघडून फंडाचा आकडा फरशीवर टाकून पाहावा. तो खणकन वाजला पाहिजे, एवढीच माझी इच्छा आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!